‘इंदिओ’ की ‘इंदिआ’? स्पॅनिश शिकणाऱ्यांचे प्रश्न

मराठीत ‘जपानी मुलगा’, ‘जपानी मुलगी’, ‘जपानी मुलं’ असं कुठलंही म्हणा, ‘जपानी’ जागचा हलत नाही. स्पॅनिशमध्ये तो हलतो. म्हणून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत राष्ट्रीयत्वाच्या शब्दांबद्दलची पत्रं कधी संपत नाहीत. त्यांतली काही एकत्र घेतली आहेत. स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. तिथला ‘एच’ मुका असतो, ‘जे’ घशातून काढलेल्या ‘ह’सारखा आणि ‘व्ही’ ‘ब’सारखा.

प्रश्न : व्यंजनानं संपणारं विशेषण स्त्रीलिंगात बदलत नाही असं आम्हांला शिकवलं. ‘फासिल’ म्हणजे सोपा आणि सोपीही, ‘आसुल’ म्हणजे निळा आणि निळीही. मग ‘फ्रान्सेस’चं ‘फ्रान्सेसा’ का होतं? बदलणारे शब्द ओळखायचे कसे?

उत्तर : शिकवलेला नियम खरा आहे, पण कोण कुठला हे सांगणारी विशेषणं त्याला जुमानत नाहीत. अशा शब्दाचं शेवटचं अक्षर आधी बघा.

शेवटी ‘ओ’ असेल तर प्रश्नच नाही. आपल्या ‘चांगला, चांगली’सारखा तो शब्द चालतो : मेहिकानो, मेहिकाना, अनेकवचनात मेहिकानोस, मेहिकानास. रुसो (रशियन), चीनो (चिनी), ग्रिएगो (ग्रीक), चिलेनो (चिलीचा) हे सगळे याच घरातले.

शेवटी व्यंजन असेल तर स्त्रीलिंगात नुसता ‘आ’ जोडायचा. फ्रान्सेस, फ्रान्सेसा. आलेमान (जर्मन), आलेमाना. एस्पान्योल, एस्पान्योला. अनेकवचनात पुल्लिंगाला ‘एस’ लागतो आणि स्त्रीलिंगाला नुसता ‘स’ : फ्रान्सेसेस, फ्रान्सेसास, आलेमानेस, आलेमानास. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात, आणि त्या उलट्या दिशेनं होतात. ‘एस्पान्योला’ कानावर बसलेलं असतं, म्हणून पुरुषासाठी ‘एस्पान्योलो’ किंवा ‘आलेमानो’ असे शब्द तयार केले जातात. स्पॅनिशमध्ये ते नाहीतच. ‘फ्रान्सेसोस’ हे अनेकवचनही त्यातलंच.

तिसरा गट आपल्या ‘सुंदर’, ‘लाल’सारखा, लिंगानुसार न बदलणारा. शेवटी ‘ए’ (कानादिएन्से, एस्तादोउनिदेन्से म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतला, आराबे), शेवटी जोर असलेला ‘ई’ किंवा ‘ऊ’ (इरानी, मार्रोकी म्हणजे मोरोक्कोचा, इस्राएली, इंदू), आणि शेवटी ‘आ’ (बेल्गा, क्रोआता, बिएत्नामिता). फसवतो तो हा शेवटचा ‘आ’. बेल्जियमचा पुरुषही ‘बेल्गा’च असतो : उन चिको बेल्गा, उना चिका बेल्गा. ‘बेल्गो’ किंवा ‘क्रोआतो’ लिहिलंत की चुकलात.

आता थोडं बारकाव्याचं. व्यंजनान्त राष्ट्रीयत्वांना ‘आ’ लागतो म्हटलं तरी सगळ्यांना लागत नाही. एस, आन, इन, ओन, ओल, उस हे शेवट असलेल्यांना लागतो : दानेस (डॅनिश), कातालान, मायोर्किन (मायोर्का बेटाचा), लेतोन (लाटवियाचा), मोंगोल, आंदालुस. पण आल, आर, एर हे शेवट असलेले शब्द बदलत नाहीत : प्रोबेन्साल, बालेआर, बेरेबेर. हंगेरीच्या माणसाला दोन शब्द आहेत. ‘उंगारो’चं ‘उंगारा’ होतं, ‘माहिआर’ मात्र स्त्री असो वा पुरुष, ‘माहिआर’च राहतो. उलट बाजूनंही एक पुरावा बघा. ‘कोर्तेस’ (सभ्य) हा शब्द ‘फ्रान्सेस’सारखाच संपतो, पण तो कुठल्या गावाचा नाही, म्हणून सभ्य मुलगी ‘चिका कोर्तेस’च असते, ‘कोर्तेसा’ नाही.

हे सगळं पाठ करायला नको. स्पॅनिश-स्पॅनिश शब्दकोशात मूळ शब्दापुढे स्वल्पविराम देऊन शेवटचा तुकडा छापलेला असतो : ‘फ्रान्सेस, सा’, ‘एस्पान्योल, ला’, ‘मेहिकानो, ना’. तुकडा असेल तर शब्द बदलतो. ‘बेल्गा’पुढे काहीच नसतं.

प्रश्न : ‘फ्रान्सेस’मधल्या शेवटच्या ‘ए’वर तिरपी रेघ आहे, ‘फ्रान्सेसा’वर नाही. ‘एस्पान्योल’वर तर कधीच नसते. हे लक्षात कसं ठेवायचं?

उत्तर : लक्षात ठेवू नका, दर वेळी मोजा. शब्द स्वरानं, ‘एन’नं किंवा ‘एस’नं संपला तर स्पॅनिश माणूस जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर) धरतो. दुसऱ्या कुठल्याही अक्षरानं संपला तर शेवटच्या अवयवावर. याला सोडून जोर पडत असेल तिथेच ती रेघ, म्हणजे ‘तिल्दे’, द्यायची.

‘फ्रान्सेस’ हा ‘एस’नं संपतो, पण जोर शेवटच्या ‘सेस’वर आहे. नियम मोडला, रेघ आली. ‘फ्रान्सेसा’त जोर त्याच ‘से’वर राहिला, पण पुढे एक अवयव वाढल्यामुळे तो आपोआप शेवटून दुसरा झाला. रेघेचं काम संपलं. ‘फ्रान्सेसेस’ आणि ‘फ्रान्सेसास’लाही हेच लागू. ‘आलेमान’, ‘कातालान’, ‘लेतोन’ यांची रेघही अशीच फक्त पुल्लिंगी एकवचनात दिसते. ‘एस्पान्योल’ ‘एल’नं संपतो आणि जोर शेवटीच आहे, तेव्हा तिथे नियम मोडलेलाच नाही.

‘इरानी’ची रेघ मात्र अनेकवचनातही टिकते. ‘इरानीएस’मध्ये ती काढली तर ‘ई’ आणि ‘ए’ एका दमात उच्चारले जातील आणि जोर मागे ‘रा’वर सरकेल. ‘इरानीस’ हे दुसरं अनेकवचनही बरोबर आहे, पण लिखाणात ‘इरानीएस’ला जास्त मान. ‘आंदालुस’च्या शेवटी ‘झेड’ असतो. ‘आंदालुसेस’ लिहिताना त्याचा ‘सी’ करायचा आणि ‘आंदालुसास’मध्ये ‘झेड’ तसाच ठेवायचा.

प्रश्न : मी पुरुष आहे. फॉर्मवर ‘नासिओनालिदाद’च्या रकान्यात मी ‘इंदिओ’ लिहिलं, तर शिक्षिकेनं ते खोडून ‘इंदिआ’ केलं. मला बाई का बनवलं?

उत्तर : तुम्हांला नाही बनवलं. रकान्यातलं विशेषण तुमचं नाही, ‘नासिओनालिदाद’ या शब्दाचं आहे. तो शब्द स्त्रीलिंगी आहे (‘-दाद’नं संपणारी नामं स्त्रीलिंगीच असतात), म्हणून रकाना भरणारा कोणीही असो, उत्तर स्त्रीलिंगी : इंदिआ, मेहिकाना, एस्पान्योला. त्याच कागदावर खाली पूर्ण वाक्य लिहायचं झालं तर पुरुषानं ‘सोय इंदिओ’ (मी भारतीय आहे) लिहायचं. तिथे विशेषण तुमचं आहे.

हा एक धागा पकडला की बाकीचं सुटतं. विशेषण कोणत्या नामाला बांधलंय ते शोधायचं. फ्रेंच पुरुषाबद्दल ‘उन ओम्ब्रे दे नासिओनालिदाद फ्रान्सेसा’ म्हणतात, कारण बांधणी ‘नासिओनालिदाद’शी आहे, ‘ओम्ब्रे’शी (पुरुष) नाही. मूळची इटालियन असलेल्या स्त्रीबद्दल उलट होतं : ‘उना मुहेर दे ओरिहेन इतालिआनो’. ‘ओरिहेन’ (मूळ) पुल्लिंगी आहे. इथे ‘इतालिआना’ लिहिण्याची चूक बरीच पुढे गेलेले विद्यार्थीही करतात, कारण डोळ्यांसमोर बाई उभी असते. पण ‘ओरिहेन’च्या जागी ‘आसेन्देन्सिआ’ (वंश) आला की तीच बाई ‘इतालिआना’ होते. बाई तीच, नाम बदललं. ‘पासापोर्ते इंदिओ’ पुल्लिंगी, कारण पासापोर्ते पुल्लिंगी.

आणखी एक घोटाळा : रकाना ‘पाईस दे नासिमिएन्तो’ (जन्मदेश) असा असेल तर तिथे देशाचं नाव येतं. तेही ‘इंदिआ’च, फक्त पहिलं अक्षर मोठं. राष्ट्रीयत्वाचं ‘इंदिआ’ छोट्या अक्षरानं सुरू होतं.

प्रश्न : काही जण भारतीयाला ‘इंदू’ म्हणतात, काही ‘इंदिओ’. बरोबर काय?

उत्तर : भारताच्या नागरिकाला नेमका शब्द ‘इंदिओ’, स्त्री असेल तर ‘इंदिआ’. ‘इंदू’ हा मुळात हिंदू धर्माच्या माणसासाठीचा शब्द. रेआल अकादेमिआ एस्पान्योला ही 1713 साली स्थापन झालेली भाषासंस्था घोटाळा होणार नसेल तिथे ‘इंदू’ नागरिक या अर्थीही चालवून घेते. पण घोटाळा होतोच. भारतातल्या मुसलमान, ख्रिस्ती किंवा शीख माणसाला ‘इंदू’ म्हटलं की राष्ट्रीयत्व सांगता सांगता धर्म चुकीचा सांगितला जातो.

मग लोक ‘इंदू’ का म्हणतात? 1492 साली कोलंबस कॅरिबियन बेटांवर उतरला आणि आपण पूर्वेकडच्या ‘इंदिआस’मध्ये पोचलो असं समजला. तिथल्या मूळ रहिवाशांना ‘इंदिओ’ हे नाव चिकटलं आणि पुढे लॅटिन अमेरिकेत त्याला हिणवण्याची धारही आली. आज तिथे मूळ रहिवाशांसाठी ‘इन्दिहेना’ हा शब्द वापरतात (शेवटी ‘आ’, दोन्ही लिंगांना तोच), आणि भारतीयाला ‘इंदिओ’ म्हणायला जीभ अडखळते, म्हणून ‘इंदू’.

आमचा सल्ला साधा आहे. मेक्सिको किंवा पेरूच्या माणसाशी बोलताना ‘सोय दे ला इंदिआ’ (मी भारतातला किंवा भारतातली) म्हणा. धर्माचा प्रश्न उरत नाही, टोचत नाही आणि लिंगही ठरवावं लागत नाही. वस्तूंच्या बाबतीत ही अडचण नाही : सिने इंदिओ, मूसिका इंदिआ. ‘इंदू’ लिंगानुसार बदलत नाही. त्याचं अनेकवचन ‘इंदूएस’ किंवा ‘इंदूस’. आणि ‘इंदी’ म्हणजे हिंदी भाषा. माणसाला ‘इंदी’ म्हणू नका.

प्रश्न : पाब्लो नेरुदा ‘पोएता चिलेनो’ कसा? ‘पोएता’च्या शेवटी ‘आ’ आहे ना?

उत्तर : विशेषण नामाच्या लिंगाशी जुळतं, त्याच्या शेवटच्या अक्षराशी यमक जुळवत नाही. ‘पोएता’ दोन्ही लिंगांना चालतो, त्यामुळे नेरुदा (नोबेल 1971) ‘एल पोएता चिलेनो’ आणि गाब्रिएला मिस्त्राल (नोबेल 1945) ‘ला पोएता चिलेना’. आर्तिस्ता, तुरिस्ता, पिआनिस्ता सगळे असेच. ‘एल इदिओमा हापोनेस’ (जपानी भाषा) हेही बघून घ्या. ‘इदिओमा’ ‘आ’कारान्त असून पुल्लिंगी आहे, पण त्याच अर्थाचा ‘लेन्ग्वा’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘ला लेन्ग्वा हापोनेसा’.

‘पेर्सोना’चं मात्र उलट. तो शब्द कायम स्त्रीलिंगी, समोर सहा फुटी स्वीडिश पुरुष उभा असला तरी ‘उना पेर्सोना सुएका’. मराठी माणसाला हे जड जाऊ नये, आपणही पुरुषाबद्दल ‘ती चांगली व्यक्ती आहे’च म्हणतो. जड जातं ते ‘हेन्ते’. आपले ‘लोक’ अनेकवचनी, ‘हेन्ते’ स्त्रीलिंगी एकवचनी. मेक्सिकोचे लोक म्हणजे ‘ला हेन्ते मेहिकाना’, पुढे क्रियापदही एकवचनी.

मेक्सिकोच्या झेंड्यावरचा गरुड ‘एल आगिला मेहिकाना’. ‘एल’ पाहून ‘मेहिकानो’ लिहू नका. जोर असलेल्या ‘आ’नं सुरू होणाऱ्या स्त्रीलिंगी नामापुढे एकवचनात ‘ला’च्या जागी ‘एल’ येतो तो केवळ उच्चाराच्या सोयीसाठी. नाम स्त्रीलिंगीच राहतं आणि अनेकवचनात ‘लास आगिलास’ परत येतात.

प्रश्न : गटात स्त्रिया आणि पुरुष दोन्ही असतील तर?

उत्तर : पुल्लिंगी अनेकवचन. नऊ स्पॅनिश स्त्रिया आणि एक पुरुष असला तरी ‘एस्पान्योलेस’. मराठी अशा वेळी नपुंसकलिंगाकडे वळते (‘मुलगा आणि मुलगी दोघंही आली’), पण स्पॅनिश नामांना तो दरवाजा नाही. ‘एस्पान्योलास’ फक्त सगळ्याच स्त्रिया असतील तर.

वस्तूंना हाच नियम, पण इथे कानाला खटकू शकतं. एक जर्मन वर्तमानपत्र आणि एक जर्मन मासिक सांगताना ‘उन पेरिओदिको इ उना रेबिस्ता आलेमानेस’ हे व्याकरणात बसतं, तरी स्त्रीलिंगी ‘रेबिस्ता’ला लागून पुल्लिंगी ‘आलेमानेस’ बरं वाटत नाही. जाणकार क्रम फिरवतात : ‘उना रेबिस्ता इ उन पेरिओदिको आलेमानेस’. शेवटी ‘आलेमान’ असं एकवचन ठेवलंत तर फक्त वर्तमानपत्र जर्मन असल्याचा अर्थ निघेल.

जाता जाता : मान देऊन बोलताना आपण अनेकवचन वापरतो, ‘बाई आल्या’. स्पॅनिशचा आदरार्थी ‘उस्तेद’ एकवचनी आहे. एका बाईंना विचारायचं तर ‘एस उस्तेद मेहिकाना?’ ‘मेहिकानास’ म्हटलंत तर त्या मागे वळून आणखी कोण आलंय ते बघतील.

प्रश्न : राष्ट्रीयत्वाला मोठं अक्षर लागतं का?

उत्तर : नाही. देशाला लागतं; माणसाला, विशेषणाला आणि भाषेला नाही. भाषेचं नाव पुल्लिंगी एकवचनी, बोलणारा कोणीही असो : ‘एया एस फ्रान्सेसा इ आब्ला फ्रान्सेस’, ती फ्रेंच आहे आणि फ्रेंच बोलते.

प्रश्न : ‘फ्रान्सेसा पेलिकुला’ म्हटल्यावर सगळे हसले. चूक लिंगाची होती का?

उत्तर : लिंग बरोबर होतं, जागा चुकली. मराठीत ‘फ्रेंच चित्रपट’, स्पॅनिशमध्ये आधी चित्रपट : ‘पेलिकुला फ्रान्सेसा’. राष्ट्रीयत्व नामानंतर येतं. मात्र ‘होबेन’ (तरुण) आणि ‘फ्रान्सेस’ यांच्यासारखे दोन्ही शब्द नाम म्हणूनही चालत असतील तर आधी येणारा शब्द नाम ठरतो. ‘उन होबेन फ्रान्सेस’ हा एक तरुण, जो फ्रेंच आहे. ‘उन फ्रान्सेस होबेन’ हा एक फ्रेंच माणूस, जो तरुण आहे.

‘उन’ कधी लावायचं हेही याच पत्रात विचारलं आहे. नुसतं राष्ट्रीयत्व सांगताना लावू नका : ‘एस मेहिकाना’. पुढे आणखी विशेषण आलं की लावा : ‘एस उना मेहिकाना मुय कोनोसिदा’, ती एक खूप प्रसिद्ध मेक्सिकन आहे.

प्रश्न : दोन देशांची नावं जोडून आली तर दोन्ही बदलायची का?

उत्तर : फक्त दुसरं. मधे छोटी आडवी रेघ असते आणि पहिला शब्द पुल्लिंगी एकवचनात गोठलेला राहतो : ‘कोन्बेर्सासिओनेस चीनो-हापोनेसास’, चीन-जपान बोलणी. ‘चीनास-हापोनेसास’ नाही. काही देशांना जोडणीसाठी वेगळं आखूड रूप आहे : फ्रान्ससाठी ‘फ्रांको’, स्पेनसाठी ‘इस्पानो’, पोर्तुगालसाठी ‘लुसो’. 1870 सालचं फ्रान्स-प्रशिया युद्ध म्हणजे ‘ला गेर्रा फ्रांको-प्रुसिआना’. दोन बाजू समोरासमोर नसून एकच मिसळलेली ओळख असेल तर आडवी रेघही जाते : आफ्रोकुबाना, इस्पानोआमेरिकानो.

प्रश्न : ‘देस्पेदिर्से आ ला फ्रान्सेसा’ म्हणजे कोणाचाही निरोप न घेता निघून जाणं. जाणारा पुरुष असेल तर ‘आल फ्रान्सेस’ म्हणायचं का?

उत्तर : नाही. ‘आ ला फ्रान्सेसा’मध्ये ‘मानेरा’ (रीत) हे स्त्रीलिंगी नाम गाळलेलं आहे असं समजा, म्हणजे ‘फ्रेंच रीतीनं’. जाणाऱ्याच्या लिंगाचा त्याच्याशी संबंध नाही.

असे गाळलेल्या नामांवर उभे असलेले शब्द बरेच आहेत. स्पेनमध्ये ‘उना आमेरिकाना’ म्हणजे कोट (चाकेता, म्हणजे जाकीट, हे नाम मनातल्या मनात), तेव्हा ‘मी एक आमेरिकाना विकत घेतली’ हे वाक्य ऐकून दचकू नका. ‘मोन्तान्या रुसा’ म्हणजे जत्रेतली वर-खाली धावणारी गाडी. इथे नाम गाळलेलं नाही, म्हणून अनेकवचनात दोन्ही शब्दांना ‘स’ लागतो : मोन्तान्यास रुसास. गंमत म्हणजे रशियन लोक तिलाच ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात. फुटबॉलमध्ये हवेत पाठमोरं उडून डोक्यावरून मारलेली लाथ म्हणजे ‘चिलेना’, चिलीची. पेरूवाल्यांना हे मान्य नाही. ते तिला ‘चालाका’ म्हणतात, म्हणजे त्यांच्या काय्याओ बंदराची. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, आणि लाथ पुरुषानं मारली तरी बदलत नाहीत.